कॉन्ट्रॅक्टरकडे कागद मागताना

सांगलीला आमचं घर बांधलं तेव्हा मी आठवीत होते. बाबांकडे लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही असायची. गवंड्याला किती उचल दिली, सिमेंटची पोती किती आली, बिगाऱ्यांची हजेरी किती, सगळं तिच्यात. गवंडी आजोबांच्या वेळेपासूनचा. करार वगैरे काही झाला नव्हता, त्याचा शब्द आणि बाबांची वही एवढ्यावर घर उभं राहिलं आणि आजही उभं आहे. त्यामुळे २०२४ मध्ये इथे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटच्या आमच्या घराचं स्वयंपाकघर आणि एक बाथरूम नव्याने करायचं ठरलं, तेव्हा माझ्या डोक्यात तीच पद्धत होती. ओळखीतला चांगला माणूस गाठायचा आणि हिशेब चोख ठेवायचा.

घर १९६२ सालचं. बाथरूममधल्या नळाला पाणी सुतासारखं यायचं. स्वयंपाकघरात शेगडीवर मायक्रोवेव्ह बसवलेला, त्याच्या पोटातला पंखा धूर ओढायचा आणि जाळीतून परत आपल्याच तोंडावर सोडायचा. मिरच्यांची फोडणी दिली की बेडरूमपर्यंत ठसका. वर्षानुवर्षं मी हिवाळ्यातसुद्धा खिडकी उघडी टाकून स्वयंपाक करत होते.

गणपतीत आरतीनंतर एका ओळखीच्या बाईंनी एका माणसाचा नंबर दिला. त्यांचं काम त्याने दोन महिन्यांत उरकलं होतं. तो आला, मापं घेतली, तिथल्या तिथे ७४,००० डॉलरचा आकडा सांगितला. सामानासाठी तीस टक्के आधी द्या, रोख दिलेत तर आणखी कमी करतो, म्हणाला. बोलायला गोड, कामाची माहिती असलेला माणूस. त्याच्या कार्डावर लायसन नंबर छापलेला होता. नवरा म्हणाला, ठीक वाटतोय, सोमवारी पैसे काढू.

रात्री सगळं आवरल्यावर मी तो नंबर सहज तपासून पाहिला. कॅलिफोर्नियात कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड ही सरकारी संस्था १९२९ पासून आहे. घरात दोन किंवा जास्त प्रकारची कामं मिळून करायची असतील, म्हणजे प्लंबिंग, वायरिंग, फरशी सगळं एकत्र, तर सहसा ‘बी’ वर्गाचं लायसन असलेला जनरल कॉन्ट्रॅक्टर, म्हणजे सगळं काम अंगावर घेणारा मुख्य कंत्राटदार, लागतो. ते मिळवायला त्या कामाचा किमान चार वर्षांचा अनुभव लागतो आणि परीक्षा द्यावी लागते. तेव्हा ५०० डॉलर किंवा त्यावरच्या कुठल्याही कामाला लायसन लागत असे. १ जानेवारी २०२५ पासून ती मर्यादा १,००० झाली, आणि तीही कामाला परमिट, म्हणजे नगरपालिकेची परवानगी, लागत नसेल, हाताखाली माणूस ठेवलेला नसेल तरच. बोर्डाच्या साइटवर नंबर टाकला की त्या कॉन्ट्रॅक्टरची सगळी कुंडली समोर येते: लायसन चालू आहे की नाही, कोणत्या नावावर आहे, बॉन्ड, म्हणजे गिऱ्हाइकाच्या नुकसानीसाठीची हमी, आहे का, कामगारांचा विमा आहे का.

कार्डावरचा नंबर सॅन डिएगोकडच्या भलत्याच फर्मचा निघाला.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. तो म्हणाला, लायसन चुलतभावाचं आहे, आम्ही एकत्रच काम करतो, कागदाचं काय घेऊन बसलात, माझं काम बघा. मी गप्प बसले. खरं तर तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण मनात येत राहिलं की त्या बाईंना काय वाटेल, आपण त्यांच्या माणसावर संशय घेतला असं होईल. या भिडेपायी दोन दिवस गेले. तेवढ्यात मी आणखी वाचलं. लायसन नसलेल्या माणसाच्या हाताखालचा मजूर आपल्या घरात शिडीवरून पडला आणि त्याचा विमा नसला, तर त्याचे मालक आपणच ठरू शकतो. ते वाचल्यावर मी फोन करून नको म्हणून सांगितलं. त्या बाईंनाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘आमचं परमिटही काढलं नव्हतं गं त्याने. आता घर विकताना काय होईल?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग मी पद्धतशीर लागले. बोर्डाच्या साइटवर नाव असलेले, आपल्या भागातले तीन जण बोलावले. तिघांनाही एकच यादी दिली: कपाटं, ओटा, फरशी, वायरिंग, बाथरूमचं सगळं, आणि शेगडीवर धूर घराबाहेर फेकणारा हूड, आठ इंची डक्ट, म्हणजे धुराची नळी, छतातून वर काढून. आकडे आले ६१,०००, ८८,६०० आणि ९७,०००.

६१,००० चा आकडा पाहून घरात सगळ्यांचे चेहरे उजळले. मी त्यांचा कागद दोनदा वाचला. त्यात फरशीच्या पुढे ‘अलाउन्स’ असा शब्द होता, चौरस फुटाला तीन डॉलर. म्हणजे तेवढ्या दराची फरशी आकड्यात धरलेली, आपण महाग घेतली की फरक आपल्या खिशातून. नळ, सिंक, दिवे, कपाटांच्या मुठी, सगळ्यांसमोर असेच छोटे छोटे अलाउन्स. आम्ही दुकानात जाऊन पाहिलं तर तीन डॉलरला आम्हाला आवडेल असं काही नव्हतं. सगळे फरक मिळवले तर त्यांचा आकडा मधल्याच्या जवळ जात होता.

पण मी त्यांना नाही म्हटलं ते वेगळ्या कारणाने. साइटवर त्यांच्या नावापुढे कामगार विम्याच्या जागी ‘सूट’ असं लिहिलं होतं. हाताखाली कोणी नोकर नाही असं लिहून दिलं की ही सूट मिळते. आणि मापं घ्यायला ते आले तेव्हा बरोबर दोन मुलं होती, एकाच्या हातात टेप, दुसरा माळ्यावर चढलेला. मी विचारलं, ही कोण? म्हणाले, मदतीला येतात. त्या मुलांकडे पाहून मला सांगलीचे बिगारी आठवले. आमच्या घराच्या स्लॅबच्या दिवशी एकाच्या पायात खिळा घुसला होता आणि बाबा त्याला सायकलवर घालून दवाखान्यात घेऊन गेले होते. तिथे त्याच्यामागे बाबा होते. इथे या पोरांच्या मागे कोणी उभं आहे की नाही, ते या एका ओळीवरून कळतं. तीस हजार वाचले असते तरी मला त्या हातांनी बांधलेलं स्वयंपाकघर नको होतं.

८८,६०० वाल्यांना मी म्हटलं, तुमचं दोन वर्षांपूर्वीचं काम दाखवा. नवीन काम सगळ्यांचंच चकाचक दिसतं. ते हेवर्डला एका घरी घेऊन गेले. घरमालकीण आजीबाई होत्या, त्यांनी मोकळेपणाने सगळं उघडून दाखवलं. मी सिंकखालचं कपाट उघडून खाली बसले. पाइप भिंतीतून जिथे बाहेर येतात तिथे गोल चकत्या घट्ट बसलेल्या, आजूबाजूला भगदाड नाही, तळाच्या फळीवर पाण्याचा एक डाग नाही, आणि दोन्ही कॉक बोटाने सहज फिरणारे. वरचा ओटा सगळेच नीट करतात. जिथे कोणी बघत नाही तिथे ज्याने हात आवरला नाही, तो आपला माणूस, हे मी बाबांकडून शिकले आहे. बाबा गवंड्याच्या जुन्या कामाला गेले की आधी न्हाणीघराच्या कोपऱ्यात बसायचे.

त्यांच्या कागदपत्रांबद्दलही मी विचारलं, आणि या वेळी न अडखळता. प्लॅस्टिकचं लायसन कार्ड, सोबत फोटोचं ओळखपत्र. बॉन्ड २०२३ पासून २५,००० डॉलरचा लागतो. तो ऐकायला मोठा वाटतो, पण तो त्यांच्या सगळ्या गिऱ्हाइकांत मिळून एकच असतो. विमा वेगळा. म्हणून विम्याचा दाखला मी थेट त्यांच्या एजंटकडून मागवला. त्यांनी एजंटला माझ्यासमोरच फोन लावला. घर १९७८ च्या आधीचं असल्याने जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यासाठी त्यांच्या फर्मकडे केंद्र सरकारचं प्रमाणपत्र आहे, हे मात्र त्यांनी न विचारता दाखवलं.

करार अकरा पानी होता. त्यात काम सुरू व्हायची आणि संपायची तारीख, कोणत्या टप्प्याला किती पैसे ते डॉलर आणि सेंटमध्ये, आणि सही केल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत करार मोडण्याचा अधिकार, त्याचा फॉर्मही सोबत. हूडपुढे ‘आठ इंची डक्ट, छतातून बाहेर’ हे शब्द आहेत ना, हे मी बोट ठेवून पाहिलं.

बाबांशी फोनवर बोलणं झालं.

‘उचल किती दिलीस?’

‘एक हजार, बाबा.’

‘अठ्ठ्याऐंशी हजारांच्या कामाला एक हजार? मग माणूस सामान आणणार कशातून?’

इथला कायदाच तसा आहे, घरदुरुस्तीच्या कामाला आगाऊ रक्कम १,००० डॉलर किंवा करारातल्या रकमेच्या दहा टक्के, यातली जी कमी असेल तेवढीच घेता येते. त्यानंतर जेवढं काम झालं, जेवढं सामान येऊन पडलं, तेवढेच पैसे. सामान ते दुकानदाराकडून उधारीवर उचलतात. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आमच्या वेळी असं असतं तर तुझ्या काकाचे सत्तर हजार बुडाले नसते.’ काकांचा तो मिस्त्री उचल घेऊन कर्नाटकात गेला तो परत आला नाही, ते घर तीन वर्षं लिंटेलपर्यंत येऊन थांबलेलं होतं. ते पहिल्या माणसाने मागितलेले तीस टक्के आठवून माझ्या पोटात गोळा आला.

तोडफोडीच्या तिसऱ्या दिवशी बाथरूमची भिंत उघडली. आत लोखंडी गॅल्वनाइज्ड पाइप. कॉन्ट्रॅक्टरनी एक वीतभर तुकडा कापून माझ्या हातात दिला. बाहेरून अंगठ्यापेक्षा जाड, आणि आत गंजाचे तपकिरी थर चढत चढत मध्ये पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलेलं. नळाला सुतासारखं पाणी का येतं ते इतक्या वर्षांनी हातात धरून पाहिलं. सगळे पाइप तांब्याचे करायला ४,८५० डॉलर जास्त लागणार होते. मी म्हटलं, करा, उद्याच सुरू करा. ते म्हणाले, लेखी चेंज ऑर्डरवर, म्हणजे वाढीव कामाच्या कागदावर, तुमची सही झाल्याशिवाय मी हात लावणार नाही. नवरा कामासाठी दुसऱ्या गावी, मला रकमेची फोड नीट वाचायची होती, त्यात एक अख्खा दिवस गेला. त्या दिवशी मी वैतागले होते. पण पुढे एकाही वाढीव रकमेवरून आमचा शब्दाला शब्द लागला नाही, तो या सवयीमुळे.

परमिट त्यांनीच काढलं. मालकाच्या नावाने परमिट काढा, स्वस्त पडेल, असं सांगणारेही असतात, तसं केलं की सगळी जबाबदारी आपल्या गळ्यात पडते. भिंती बंद करण्याआधी नगरपालिकेचा इन्स्पेक्टर आला. शांत माणूस, पाऊण तास एक शब्द बोलला नाही. एका खांबापाशी थांबला, टेप लावला. लाकडात वायरसाठी पाडलेलं भोक कडेपासून सव्वा इंचाच्या आत होतं. पुढे कोणी तिथे जिप्समच्या पाट्याचा स्क्रू मारला तर तो थेट वायरमध्ये जाईल. तिथे लोखंडी पट्टी हवी, ती लावायची राहून गेली होती. त्याने तेवढी एक दुरुस्ती लिहून दिली. कॉन्ट्रॅक्टर स्वतः हातोडा घेऊन गेले, पट्टी ठोकली, आणि मग बाकीचे सगळे खांब पुन्हा तपासून आणखी दोन ठिकाणी लावल्या. मी दारात उभी होते. ज्या भिंतीवर आता मुलीच्या शाळेचे फोटो आहेत, तीच ती भिंत.

त्याच आठवड्यात रजिस्टर्ड टपालाने एक पत्र आलं. लाकूड पुरवणाऱ्या कंपनीचं. वरती ठळक अक्षरांत ‘प्रिलिमिनरी नोटीस’, आत आमच्या घराचा पत्ता आणि मजकूर असा की त्यांचे पैसे मिळाले नाहीत तर ते आमच्या मालमत्तेवर बोजा चढवू शकतात. माझे हातपाय गार पडले. आम्ही एकाही टप्प्याचे पैसे चुकवले नव्हते! दोन दिवसांनी कपाटवाल्यांचं तसंच पत्र. मग प्लंबरचं.

हे प्रकरण मला आधी कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपण जनरल कॉन्ट्रॅक्टरला पूर्ण पैसे दिले, आणि त्याने पुढे प्लंबरला किंवा दुकानदाराला दिले नाहीत, तर ते लोक आपल्या घरावर ‘मेकॅनिक्स लीन’, म्हणजे तोच बोजा, चढवू शकतात. आपण एकदा दिलेले पैसे पुन्हा द्यायची पाळी येऊ शकते. हा हक्क राखून ठेवायला काम किंवा सामान सुरू झाल्यापासून वीस दिवसांत अशी नोटीस पाठवायची असते. म्हणजे पत्र आलं याचा अर्थ काही बिनसलं असा होत नाही, उलट घरात कुणाकुणाचं सामान आलंय याची यादीच हातात मिळते. खरं काम पुढे असतं. दर टप्प्याच्या चेकआधी त्या प्रत्येकाकडून ‘कंडिशनल रिलीज’ घ्यायची, म्हणजे पैसे मिळाले तर आमचा हक्क सुटला. आणि पैसे पोचल्यावर ‘अनकंडिशनल रिलीज’, म्हणजे मिळाले, हक्क सुटला. कायद्यानेच या कागदांचे नमुने ठरवून दिले आहेत.

मी वहीत रकाने पाडले. नाव, नोटीस कधी आली, पहिला कागद, दुसरा कागद. कपाटं बसल्यावर तिसऱ्या टप्प्याचे २८,००० दिले. लाकूडवाल्यांचा दुसरा कागद आला, प्लंबरचा आला. कपाटवाल्यांचा आला नाही. एक आठवडा, दोन आठवडे. मी कॉन्ट्रॅक्टरना विचारलं, ते म्हणाले, येईल. इथे भीड पुन्हा आडवी आली. इतका चांगला माणूस, रोज सकाळी सातला हजर, जाताना अंगण झाडून जाणारा, त्यांना तेच तेच कसं विचारायचं? तरी मी स्वतःच कपाटवाल्यांना फोन लावला. ११,३०० डॉलर येणं बाकी होतं.

संध्याकाळी ओट्याशी उभं राहून आम्ही बोललो. त्यांनी लपवलं नाही. दुसऱ्या एका कामाचा चेक अडकला होता, मजुरांचे पगार द्यायचे होते, आमच्या पैशातून दिले. एका कामाचे पैसे दुसरीकडे वळवणं लायसनच्या कायद्यात बसत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मला वाईट वाटलं, आणि रागही आला. मी म्हटलं, पुढच्या टप्प्याचे १८,००० द्यायचेत, त्यातले ११,३०० मी तुमच्या आणि कपाटवाल्यांच्या अशा दोघांच्या नावाच्या एकाच चेकने देते, ६,७०० तुमच्या एकट्याच्या नावाने. अशा चेकवर दोघांची सही लागते, त्यामुळे पैसे दुसरीकडे जाऊच शकत नाहीत. ते थोडा वेळ खाली बघत राहिले आणि म्हणाले, तसंच करा. चार दिवसांत कपाटवाल्यांचा कागद आला.

त्यांच्याबद्दलचं माझं मत त्या एका गोष्टीने पुसलं गेलं नाही. फरशीचे सांधे त्यांनी ज्या निगुतीने जुळवलेत ते मी रोज पाहते. पण लायसन तपासलं, माणूस आवडला, आता डोळे मिटून बसायला हरकत नाही, असं मला वाटलं होतं, ते तसं नव्हतं.

शेवटची तपासणी पास झाली तेव्हा उरलेले १०,००० दिले, सगळ्यांचे अखेरचे कागद हातात घेऊन. मग काम पूर्ण झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत अलामेडा काउंटीच्या रेकॉर्डरकडे, म्हणजे मालमत्तेचे कागद नोंदवणाऱ्या कचेरीत, ‘नोटीस ऑफ कम्प्लीशन’, म्हणजे काम पूर्ण झाल्याची सूचना, नोंदवली. ती नोंदवली नाही तर सगळ्यांनाच लीनसाठी नव्वद दिवस मिळतात. नोंदवली की पुरवठादार आणि छोट्या कंत्राटदारांना तीस, मुख्य कॉन्ट्रॅक्टरला साठ. कालनिर्णयवर मी दोन्ही तारखांना गोल केले.

साठ दिवस उलटल्यावर रेकॉर्डरच्या यादीत आमचं नाव शोधलं. घराचं खरेदीखत, बँकेचं कर्ज, आणि आमची ती नोटीस. चौथी ओळ नव्हती. त्या दिवशी रविवार होता, सांगलीला रात्र होत आली होती. बाबांना फोन करून सांगितलं, आता घरावर कुणाचंही काही नाही.

‘वही?’ त्यांनी विचारलं.

‘शेवटच्या चेकचा नंबर लिहिलाय.’

‘मग खाली रेघ ओढ आणि तारीख घाल.’

फोन चालू ठेवूनच मी पट्टी शोधली आणि रेघ ओढली.